चौदा नंबरचा दिवा

शेवंता राऊळ कुठल्याही चाळीत गेली की बायका आधी तिला बसायला पाट देतात आणि मग आपली तक्रार सांगतात. रेशनला किडका तांदूळ आला, नळाला दोन दिवस पाणी नाही, कुणाच्या सुनेला सासरी त्रास आहे, की निरोप आमच्या चाळीत चौदा नंबरला येतो. ती पदर खोचते, पायात चपला सरकवते आणि निघते. डिलाईल रोडपासून लालबागपर्यंत तिला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही.

आमच्या महिला मंडळाला यंदा दहा वर्षं होतात. त्यानिमित्त छोटीशी स्मरणिका निघते आहे आणि शेवंताबद्दल चार पानं मी लिहावीत असं ठरलं. समोरच्या चाळीतली मालन कांबळे म्हणाली, "तुम्हीच लिहा वैनी. तुमचं अक्षर चांगलं आहे." हे ती हसून म्हणाली, कारण माझ्या चांगल्या अक्षरानेच एकदा घोटाळा केला होता. तोच लिहिते. शेवंताची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमची चाळ तळमजला आणि वर दोन माळे अशी, खोल्या बावीस. अर्धी बिऱ्हाडं आम्हा कोकणातल्यांची, अर्धी घाटावरची. जिन्याच्या पहिल्या वळणावर भिंतीत कोनाडा आहे, त्यात दत्तगुरूंची तसबीर. तिच्यापुढे रोज तिन्हीसांजेला दिवा लागतो. एकेका खोलीकडे आठ-आठ दिवस हा मान असतो. गुरुवारी दिवा लागला की तेलाची बुधली एका घरच्या बाईने दुसऱ्या घरच्या बाईच्या हातात द्यायची, आणि घेणारीने देणारीच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. कोणी सुरू केलं ठाऊक नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे. कोणाच्या मागून कोण, हा क्रम जिन्यातल्या काळ्या फळीवर लिहिलेला असतो आणि दर पाडव्याला तो नव्याने लिहायचा. मी मालवणला सातवीची फायनल पास झालेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा दिव्याच्या जोडीला एक टोपली आली. समितीचा माणूस पहिल्यांदा आमच्या चाळीत आला, सत्याग्रहींसाठी भाकऱ्या हव्यात म्हणाला. कोणाला सांगू असं विचारलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, या आठवड्यात दिवा ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा. तीच रीत पडली. ज्या घरी दिवा, त्या घरी टोपली. मोर्चाला बायका जमवायच्या असोत की सभेचा निरोप दारोदार द्यायचा असो, त्या आठ दिवसांत ते काम त्या घरचं. त्यामुळे फळीवर नाव असणं म्हणजे चाळीच्या माणसांत असणं, असं आपोआप झालं होतं.

शेवंताचा नवरा भिवा राऊळ मिलमध्ये साचेखात्यात, मागावर होता. हसतमुख, भजनाला खडा आवाज. बुधली आधी खाली पायरीवर ठेवलेली असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागून सांडे. भिवाने मिलमधला एक मोडका धोटा आणला, त्याची तोंडं तासून गुळगुळीत केली आणि कोनाड्याच्या बाजूला खुंटी म्हणून ठोकली. बुधली अजून त्याच खुंटीवर असते.

छप्पन सालच्या पावसाळ्यानंतर भिवाला खोकला लागला. आधी कापसाच्या धुळीचा म्हणून कोणी मनावर घेतला नाही. पुढे शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात ठेवावं लागलं. सात महिने शेवंता मिलमधली आपली सकाळपाळी करून परळहून शिवडीला चालत जायची, डबा पोचवायची आणि चालत यायची. मुलगी मंजू तेव्हा सहा वर्षांची. तिला दुखणं लागू नये म्हणून कुडाळला आजीकडे धाडली. सत्तावनच्या कार्तिकात भिवा गेला.

त्यानंतर शेवंता मिल, नळ आणि खोली एवढ्यापुरती उरली. नळावर ती सगळ्यांचं भरून झाल्यावर यायची, कोणी नसताना. दार लोटलेलं असायचं. आम्ही आपसांत म्हणायचो की तिला आता माणूस नको झालंय, उगाच कशाला जाऊन बसा. पण ते निम्मंच खरं होतं. त्या दुखण्याला आम्ही सगळेच भीत होतो. माझ्या घरी तान्हं होतं. चौदा नंबरवरून जाताना मी पदर नाकाला लावत असे. भिवा जाऊन महिने झाले, खोलीला चुना मारून झाला, तरी लावत असे. लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

अठ्ठावनच्या पाडव्याला मी फळी लिहिली तेव्हा भिवाचं वर्ष व्हायचं होतं. वर्षाच्या आत घरात सण नसतो, देवाचा मानही घेत नाहीत. म्हणून तेरा नंबरनंतर मी थेट पंधरा लिहिलं. त्यात काही चूक नव्हती.

चूक पुढच्या वर्षी झाली. एकोणसाठचा पाडवा नेमका गुरुवारी आला, म्हणजे नवा क्रम आणि नवा दिवा एकाच दिवशी. पाडवा असा गुरुवारी आला की हातोहात देणं-घेणं नसतं, नव्या क्रमातलं पहिलं घरच खुंटीवरची बुधली घेऊन दिवा लावतं. आदल्या दिवशी मी फळीवरचा जुना क्रम कागदावर उतरवून घेतला, फळी धुतली आणि सकाळी गुढी उभी करून झाल्यावर चुन्याच्या पाण्यात काडी बुडवून नावं काढायला बसले. चुना एकदा वाळला की वर्षभर पुसला जात नाही. गेल्या वर्षीचा शेवट अठरा नंबरला झाला होता, तेव्हा यंदाचं पहिलं नाव एकोणीस नंबरचं, लक्ष्मीआत्यांचं. त्या दुसऱ्या माळ्यावरच्या, कराडकडच्या. चाळीत वयाने मोठ्या आणि बोलायला फटकळ. पाडव्याचा दिवा आपल्या हातचा म्हणून त्यांनी नवी वात वळून ठेवली होती. मी एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, मग एकपासून खाली असं लिहीत गेले आणि कागदावर होतं तसंच तेराच्या खाली पंधरा लिहिलं.

विसरले असं सांगता येईल. पण कागदावर उतरवताना माझा हात तिथे क्षणभर थांबला होता. शेवंताला विचारायला हवं, असं मनात आलं होतं. विचारायचं म्हणजे तिचं दार ढकलायचं. ते धाडस झालं नाही.

बायका फळी बघायला जमल्या होत्या, कोणाच्या हातात कडुलिंबाचा पाला, कोणाच्या हातात साखरेच्या गाठी. तेवढ्यात चौदा नंबरचं दार उघडलं. शेवंता नाहून, धुवट लुगडं नेसून बाहेर आली. तिला अक्षरओळख भिवाने करून दिली होती. ती फळीसमोर उभी राहिली आणि एकेका नावावर बोट ठेवत खालपर्यंत गेली. मग पुन्हा वरून सुरुवात केली.

"वैनी," ती मला म्हणाली, "खोल्या बावीस आहेत. नावं एकवीस."

मी काही बोलायच्या आत लक्ष्मीआत्या बोलल्या. आधी गोड बोलल्या, की अगं, तुला कामाची धावपळ, त्यात हा तरास कशाला. शेवंता हलेना, तेव्हा मनातलं बाहेर आलं. "पाडव्याचं म्हनून सांगते, पोरी. देवाचा दिवा सवाशिणीच्या हातचा बरा. आजवर हितं तसंच चाललंय."

ते खोटंही नव्हतं. चाळीत पूर्वी दोन बायका विधवा झाल्या होत्या. दोघींच्या घरी सुना होत्या, त्यांनी बुधली घेतली आणि प्रश्नच आला नाही. शेवंताच्या घरी दुसरं कोणी नव्हतं.

शेवंता आवाज न चढवता म्हणाली, "आत्या, ह्यांनी ठोकलेली खुंटी चालते. तिच्यावर रोज बुधली टांगतात सगळी. मग माझ्याच हाताने काय केलंय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण काडी माझ्या हातात होती.

मी काही शास्त्र शिकलेली बाई नाही. सकाळी दत्ताच्या नावाची माळ ओढते, गुरुवार करते, एवढाच माझा धर्म. पण लहानपणापासून एक ऐकत आले आहे की दत्तगुरू झोळी घेऊन दारोदार भिक्षेला जातात. भिक्षा वाढायला दारात कोण आलं, सवाष्ण आली की विधवा आली, हे त्यांनी कधी विचारलं असं मी ऐकलं नाही. जे घर वाढतं, त्याची भिक्षा ते घेतात. मग मी कोण घर गाळणारी?

मी काडी चुन्यात बुडवली. पण तेरा आणि पंधराच्या मधे बोटभरही जागा नव्हती. माझं अक्षर कसं, टपोरं आणि एकाखाली एक लागून. खालीही फळी भरली होती. जागा होती ती फक्त वर, जिथे मी ‘श्री’ काढून मोकळी ओळ सोडली होती. मी तिथे लिहिलं, ‘खोली १४, सौ.’ आणि थबकले. सवयीने सौ. लिहिलं होतं. ते बोटाने पुसलं आणि ‘शेवंता भिवा राऊळ’ असं पूर्ण नाव लिहिलं. तो पुसल्याचा पांढरा डाग वर्षभर फळीवर राहिला.

लक्ष्मीआत्यांनी विचारलं, "पयलीच?"

मी म्हटलं, "जागा तिथंच आहे, आत्या."

त्या संध्याकाळी दिवा शेवंताने लावला. आत्या खाली आल्याच नाहीत. त्यांनी वळलेली वात त्यांच्याच घरी राहिली.

आता कोणी म्हणेल, झालं, मान मिळाला. पण दिव्याबरोबर टोपली होती, आणि तिथे खरी कसोटी लागली. सोमवारी समितीचा माणूस आला. सीमेवरच्या सत्याग्रहाला तुकड्या जात होत्या, आमच्या भागातली तुकडी बुधवारी संध्याकाळी निघायची होती. बुधवार दुपारपर्यंत शंभर भाकऱ्या आणि सुकी चटणी हवी, असं तो सांगून गेला. रीत अशी होती की कोनाड्याखाली टोपली ठेवायची आणि ज्याने त्याने येता-जाता भाकऱ्या टाकायच्या. एरवी तिसेक लागायच्या, त्या सहज जमायच्या.

शेवंताने टोपली ठेवून वाट बघितली नाही. सकाळपाळी करून आली आणि टोपली कडेवर घेऊन दार-दार फिरली. दीड वर्षात जिने कोणाच्या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता, ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली की वैनी, तुमच्या दोन लिहून घेते. लिहून म्हणजे मनात. मी तिला आत बोलावलं. ती म्हणाली, नंतर. पण दारातच माझ्या मुलाचा गाल तिने बोटाने हलकेच चाचपला, आणि मी त्याला मागे ओढलं नाही.

तळमजल्याच्या आणि पहिल्या माळ्याच्या चौदाही खोल्यांनी दोन-दोन कबूल केल्या. त्यांतल्या दोन तिच्या स्वतःच्या. दुसऱ्या माळ्यावर मात्र आठांतल्या सात खोल्यांची सात कारणं निघाली. पीठ संपलंय, स्टोव्ह नादुरुस्त आहे, पाहुणे आहेत. आत्यांनी कारण सांगितलंच नाही, नुसती मान हलवली आणि दार लोटलं. बाकीच्या सातही त्यांच्याकडे बघून वागत होत्या.

मंगळवारी संध्याकाळी मी शेवंताला म्हटलं की मनाला लावून घेऊ नको, मी दहा-बारा जास्त थापते, आणखी दोघी-तिघींना सांगते. ती पायरीवर बसली होती. म्हणाली, "तुम्ही जास्त केल्यात तर टोपली भरंल, वैनी. पण वरचा माळा तसाच राहील. आणि पुढल्या खेपेला तुम्ही तरी किती करणार?"

मग उठली आणि रस्ता ओलांडून समोरच्या बीडीडी चाळीत गेली.

तिथे मालन राहायची. मिलच्या वायडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर, दोघी शेजारीशेजारी. भिवाच्या दुखण्यात जेवणाच्या सुट्टीत शेवंताजवळ बसून जेवणारी एकटी मालन, हे मला पुढे कळलं. मालनच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती. त्यांची सगळी इमारतच आता बुद्धाला वंदन करणाऱ्यांची. मोर्चात ती माणसं आमच्याबरोबर चालली होती, लाठ्या सगळ्यांनी सारख्याच खाल्ल्या होत्या. पण आमच्या चाळीची भाकरीची टोपली मधला रस्ता ओलांडून तिकडे कधी गेली नव्हती. कोणी ठरवलं नव्हतं, पण गेली नव्हती, आणि का नव्हती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मालनने तिला काय म्हटलं ते शेवंतानेच मला सांगितलं. मालन आधी भांडलीच. म्हणाली, "तीन वर्षं झाली, शेवंते. मोर्चाला हाका मारता, भाकरीला कधी हाक नाही. आम्ही काय दुसऱ्या राज्यात राहतो?" शेवंताने सांगितलं की तीन वर्षांचं मला ठाऊक नाही, माझ्या पाळीला टोपली पहिल्यांदाच आली आहे आणि मी पहिली तुझ्याकडेच आले आहे. मग मालनने किती हव्यात तेवढं विचारलं.

बुधवारी दुपारी सकाळपाळी सुटल्यावर मालन आणि आणखी चौघी पांढऱ्या धडप्यात बांधलेली गाठोडी घेऊन आमच्या जिन्यात आल्या. मोजल्या तर बासष्ट भाकऱ्या. आमच्या अठ्ठावीस. झाल्या नव्वद. वरच्या माळ्याचे कठडे बायकांनी भरले होते, सगळ्या खाली वाकून बघत होत्या.

शेवंता रिकामी परडी घेऊन वर गेली आणि थेट एकोणीस नंबरसमोर उभी राहिली. मी मागे होते. तिने आत्यांना सांगितलं की रस्त्यापलीकडून बासष्ट आल्या, खालच्या दोन मजल्यांच्या अठ्ठावीस, दहा कमी आहेत. त्या मी बाहेरून कुठूनही आणीन. "पण आत्या, दुसऱ्या माळ्याची एकही नाही, असं त्या माणसाला सांगायला मला नाही आवडणार. चार वाजता तो येतोय."

एवढं सांगून, परडी उंबऱ्यात ठेवून ती खाली आली. मला वाटलं होतं दार धाडकन लागेल. तसं काही झालं नाही. थोड्या वेळाने वरून भाकरी थापल्याचा आवाज आला, आधी एका खोलीतून, मग शेजारच्या, मग पलीकडून. मालन मान वर करून ऐकत होती. म्हणाली, "स्टोव्ह दुरुस्त झाला वाटतं."

चारला थोडा अवकाश असताना आत्या स्वतः परडी घेऊन खाली उतरल्या. त्यात सोळा होत्या, अजून वाफाळणाऱ्या. त्या शेवंताकडे न बघता म्हणाल्या, "उपाशी कुनी जायला नगं." जमलेल्यांतली एक बाई हळूच विचारत होती की आपल्या कुठल्या आणि त्यांच्या कुठल्या, वेगळ्या बांधायच्या का. शेवंताने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सगळ्या एकाच चादरीत घालून गाठ मारली. मालनला मात्र राहवलं नाही. "नावं घालायची असतील तर वैनींना सांगा," ती म्हणाली, "त्यांचं अक्षर चांगलं आहे." मी लाजले, आणि हसलेही. आत्यांच्या तोंडाचा कोपराही थोडा हलला, असं मला वाटलं.

समितीचा माणूस आला तेव्हा एकशे सहा भाकऱ्या तयार होत्या. तो विचारत होता, कुठल्या चाळीच्या म्हणून सांगू? शेवंता म्हणाली, दोन्ही चाळींच्या म्हणा.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बुधली शेवंताकडून आत्यांकडे जायची होती. चाळीत दिवसभर हीच चर्चा. आत्या येतील का? आल्या तर तिच्या हातातून घेतील का? वाद टाळायची एक जुनी युक्ती असते, देणारीने वस्तू खाली ठेवायची आणि घेणारीने उचलायची, म्हणजे हाताला हात लागत नाही. आत्या तीच करणार, असं बहुतेकींना वाटत होतं. मलाही.

तिन्हीसांज झाली. शेवंताने तसबिरीची काच पुसली, दिवा लावला, हात जोडले. मग भिवाच्या खुंटीवरून बुधली काढून काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांत धरून जिन्यात उभी राहिली. आत्या उतरत आल्या आणि दोन पायऱ्या वरच थांबल्या.

"खाली ठेव, बाई," त्या म्हणाल्या.

"भरलेली आहे, आत्या," शेवंता म्हणाली. "ठेवायला गेलं तर सांडंल."

ती हलली नाही. बुधली पुढे धरून, मान ताठ, पण चेहऱ्यावर राग नाही. आत्यांनी दिव्याकडे बघितलं. मग त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी बुधली घेतली. घेताना थोडं तेल दोघींच्या बोटांवर सांडलं. बुधली खुंटीला लावून त्यांनी कनवटीला हात घातला आणि कागदाची पुडी सोडली. आत गुळाचा चांगला मोठा खडा होता. म्हणजे घरून निघताना त्यांनी तो घेतलाच होता. तो शेवंताच्या तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या, "मंजूला कधी आणतीस?"

"मे महिन्यात जाते आणायला," शेवंता म्हणाली आणि गूळ तिथेच तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नळावर गेले तर रांगेत शेवंताचा हंडा माझ्या पुढे होता.